लेण्यांआधीचं अजिंठा: एक हद्दीवरचं गाव

छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे निघालं की सिल्लोडनंतर अजिंठा गाव लागतं. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लेणी असतात, त्यामुळे गाव कधी मागे पडलं ते कळतही नाही. लेणी पुढे, घाट उतरल्यावर. त्यांना नाव मिळालं ते मात्र या गावाचं.

इथल्या पावसाची गंमत ऐका. डोंगरमाथ्याच्या दक्षिणेला पडलेला थेंब पूर्णेतून गोदावरीला मिळतो आणि बंगालच्या उपसागराला जातो. उत्तरेला पडलेला थेंब वाघूर नदीतून तापीत आणि तिथून अरबी समुद्रात! हीच वाघूर सातकुंड धबधब्यातून उड्या घेत लेण्यांसमोरच्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या दरीत उतरते.

डोंगर आहे म्हटल्यावर राज्याची हद्दही माथ्यावरूनच गेली असेल, असं वाटतं ना? पण निजामाचा मुलूख घाट उतरून फर्दापूर, सोयगावपर्यंत पसरलेला होता. त्यापलीकडे 1818 पासून इंग्रजांचा खानदेश. त्यामुळे आगगाडीने जळगावला उतरलेला पाहुणा इंग्रजी मुलखातून निघून निजामाच्या लेण्यांत पोचायचा. सोयगाव तालुका आजही डोंगराखाली असून संभाजीनगर जिल्ह्यात आहे.

हद्द बदलली की खिशातला रुपयाही बदलायचा. इकडे निजामाचा हाली, तिकडे इंग्रजांचा कळदार. सात हाली दिले की सहा कळदार मिळायचे. बाजार करणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे. आणि मालावर जकात घ्यायला निजामाचं करोडगिरी खातं होतंच.

23 सप्टेंबर 1803 रोजी इथून जवळच, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. असईच्या लढाईतल्या त्याच्या जखमींसाठी इस्पितळ उघडलं ते अजिंठ्यात. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी पाहिली आणि जगाचं लक्ष या दरीकडे वळलं.

मला सर्वांत जवळची वाटते ती रॉबर्ट गिलची गोष्ट. ईस्ट इंडिया कंपनीने 1844 मध्ये या लष्करी अधिकाऱ्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला धाडलं. त्याचा मुक्काम अजिंठा गावातल्या बारादरीत. वर्षानुवर्षं खपून त्याने मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले होते. 1866 मध्ये तिथे आग लागली आणि त्यातले बहुतेक जळून गेले. त्याची सोबतीण पारो त्याआधीच, 1856 मध्ये, वारली होती. तिची कबर अजिंठा गावात आहे. गिलने तिच्यावर इंग्रजीत लेख कोरून घेतला, त्यात तिचं नाव आहे. त्या काळी एखाद्या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या बाईवरचं प्रेम असं दगडावर कोरून ठेवणं सोपं नव्हतं. घाटाखालच्या पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी या दोघांवर ‘अजिंठा’ हे काव्य लिहिलं.

17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली. आता ती जुनी हद्द ओलांडताना तुम्हाला कोणी अडवत नाही. पुढच्या वेळी लेण्यांकडे निघालात तर अजिंठा गावात अर्धा तास थांबा आणि पारोच्या कबरीपाशी जाऊन या.