फ्रेडी मर्क्युरीचा गळा आणि तुमचा

शाळेच्या संमेलनात पॉप गाणे म्हणायचे ठरले की तुमच्यापैकी बरेच जण काय करतात? गळा आवळून, मानेच्या शिरा फुगवून त्या गायकासारखा खरखरीत आवाज काढू पाहतात. दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी देण्यापुरताही आवाज उरत नाही! मग तो गायक तसा आवाज काढतो तरी कसा?

‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हे यासाठी चांगले उदाहरण आहे. तो १९४६ साली झांझिबारला एका पारशी कुटुंबात जन्मला आणि शिकला आपल्या पाचगणीला. १९९१ साली तो वारला, तेव्हा त्याचा गळा तपासणे आता शक्य नाही. पण त्याची ध्वनिमुद्रणे आहेत. ख्रिस्तियन हेर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलाखतींत बोलताना मर्क्युरीच्या आवाजाची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ११७ होती, म्हणजे चारचौघा पुरुषांसारखीच. गाताना मात्र तो ७८४ पर्यंत चढे.

हे समजण्यासाठी एक फुगा फुगवा. त्याचे तोंड दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून हवा हळूहळू सोडा. ‘चीं’ असा आवाज येईल. अधिक ताणले की तो चढेल. तुमच्या स्वरयंत्रातही असेच घडते. फुप्फुसातील हवा दोन स्वरतंतूंच्या फटीतून येताना त्यांना थरथरवते आणि छोटे स्नायू ते तंतू ताणून स्वर चढवतात. पण एवढ्याने नुसती भुणभुण होते. आता एकाच सुरात ‘आ’ म्हणा आणि न थांबता ‘ई’वर या. सूर तोच, आवाजाचा रंग वेगळा! घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीत काही कंपने जोर धरतात, काही दबतात. प्रत्येकाची पोकळी वेगळी, म्हणून मर्क्युरीचा आवाज तुम्हाला उसना मिळणार नाही. मात्र जबडा सैल सोडून आणि जीभ हलवून आपल्या पोकळीला आकार देणे शिकता येते, आणि गाणे शिकणे म्हणजे पुष्कळसे हेच.

त्या खरखरीचे काय? त्यासाठी संशोधकांनी एका व्यावसायिक रॉक गायकाला मर्क्युरीची नक्कल करायला लावले आणि घशात नळी घालून सेकंदाला ४,१३२ चित्रे घेतली. स्वरतंतूंच्या किंचित वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. एरवी त्या स्वस्थ असतात. नक्कल करताना मात्र त्याही हलू लागल्या : खरे तंतू तीनदा हलले की खोटे एकदा. या संथ कंपनामुळे आवाजाला गुरगुर येते.

नवखा गायक गळा आवळतो तेव्हा खरे स्वरतंतूच एकमेकांवर जोराने आदळतात. ४०० कंपनांचा स्वर मिनिटभर धरा. २४,००० धडका झाल्या! त्यांना सूज येते आणि असे रोज झाले तर त्यांवर गाठी धरतात. खुद्द मर्क्युरीचा गळा १९७५ च्या अमेरिका दौऱ्यात बिघडला आणि काही कार्यक्रम रद्द करावे लागले.

यापेक्षा हे करून पाहा. पेल्यात दोन बोटे पाणी घ्या, त्यात सरबत पिण्याची नळी बुडवा आणि नळीतून ‘ऊ’ म्हणत खालून वर, वरून खाली सूर फिरवा. बुडबुडे एकसारखे आले पाहिजेत. ते अडखळले तर श्वास अडखळला असे समजा. नळीमुळे हवेचा थोडा दाब मागे राहतो आणि स्वरतंतू हलकेच टेकतात. आवाजाचे उपचार करणारेही हा व्यायाम देतात. आणि हो, पॉप गायकापुढे मायक्रोफोन असतो. पुष्कळदा तो कुजबुजल्यासारखे गातो, तरी शेवटच्या रांगेला ऐकू जाते; ओरडण्याचे काम विजेकडे असते.

मुलांनो, तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास तुमचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, तंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक उतरतो. मुलींचाही उतरतो, पण थोडाच. या काळात आवाज मध्येच फुटला तर गाणे सोडू नका, पण मूळ पट्टीचा हट्टही धरू नका. शिक्षकांनी पेटीवर दोन-तीन पट्ट्या खाली उतरून सोयीची जागा शोधून द्यावी. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला गळा दाखवावा.