चौकटीवरची रेघ

दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा मारलेल्या असतात. धाकट्याने थोरलीला गाठलं की घरात हसू होतं. ‘आमच्याकडे सगळे बुटकेच,’ म्हणून विषय मिटतो. तो मिटवू नये. थोरली नीट जेवते, पोटाची तक्रार नाही. पण रक्त कमी आणि महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही. अशा वेळी गव्हावर संशय घ्यावा.

सिलिॲक आजारात गहू-जवातल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याची मखमलीसारखी लव झिजून सपाट होते. लोह शोषलं जातं ते आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि झीजही तिथेच जास्त. त्यामुळे गोळी पोटात जाते, रक्तात पोचत नाही. जुलाब, फुगलेलं पोट, काटकुळे हातपाय ही झाली पुस्तकातली लक्षणं. कुणाचं सारखं तोंड येतं, कुणाच्या कायमच्या दातांवर खड्डे आणि डाग दिसतात, कुणी वयात उशिरा येतं, कुणाला तर चक्क बद्धकोष्ठता असते.

आमच्या केडगावला उपाशी मुलांची ओळख जुनी आहे; 1896-97च्या दुष्काळातल्या मुलींना पंडिता रमाबाईंनी इथेच आसरा दिला. सिलिॲकचं मूल मात्र भरल्या ताटावर उपाशी राहतं. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिक यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांचे सिलिॲकचे बालरुग्ण उलट सुधारले. पाव परतला, दुखणंही परतलं.

‘हा उत्तरेकडचा आजार’ असं म्हणतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तात या आजाराची प्रतिपिंडं असणाऱ्यांचं प्रमाण उत्तर भारतात 1.23 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के आढळलं, हे खरं. पण आता बाजरीच्या या मुलखातही सकाळी चहा-बिस्किट आणि शाळेच्या डब्यात चपाती असते.

संशय आला म्हणून लगेच गहू बंद करू नका. तसं केलं तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते. आधी रक्तातली टीटीजी आणि एकूण आयजीए तपासणी होते, मग गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासतात.

निदान झालं की गहू आणि जव जन्मभर बंद. भाकरी आपल्याकडे आहेच, अडचण गिरणीत येते. गव्हाच्या घाण्यावर लगेच बाजरी टाकली, तर तिच्यात गव्हाचं पीठ मिसळून येतं. घरघंटी असेल तर तिच्यात गहू दळायचाच नाही. आणि हिंगाची डबी उलटून घटक वाचा: बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो.