थंड हवेचा जमाखर्च

ग्वाल्हेरचा उन्हाळा कसा असतो हे येथील रहिवाशांस सांगण्याची गरज नाही. चैत्र सरू लागला की वारे तापू लागतात, वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि ज्यास इकडे सर्वजण 'लू' म्हणतात तो वारा दुपारच्या वेळी दाल बाजारातील गाड्या आणि माणसे दोहोंसही आडोशाला बसवितो. अशा गावात घर थंड ठेवणे ही चैन म्हणता येत नाही. घरात वृद्ध अथवा तान्हे मूल असेल तर ती निकडच होय. अलीकडे आपल्या अनेक व्यापारी बंधूंनी संपूर्ण घरास एकाच यंत्राने थंड करणारी, छतातून पत्र्याच्या डक्टने हवा फिरविणारी व्यवस्था बसविली आहे अथवा बसविण्याचा विचार चालविला आहे. या कामी काही लाख रुपये खर्च होतात; परंतु मालाचा नमुना तळहातावर घेऊन चार वेळा पारखणारे आपण, हा सौदा मात्र ठेकेदाराच्या एका शब्दावर पक्का करितो. यास्तव आम्हांस जे पाहावयास व शिकावयास मिळाले ते बंधूंपुढे ठेवावे, असे योजिले आहे.

वाहिनीतून हवा नेण्याची कल्पना आपल्या गावास नवी नाही. राजा मानसिंह तोमर याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस किल्ल्यावर जो मानमंदिर महाल उभारला, त्याच्या खाली दोन मजली तळघरे आहेत. दगडाच्या जाड भिंती आणि जमिनीचा गारवा यांवर त्या काळच्या लोकांची भिस्त होती. पुढे मोगलांनी तीच तळघरे बंदिखाने म्हणून वापरली. आमच्या लहानपणी दारांना वाळ्याचे तट्टे लावीत आणि त्यांवर पाणी शिंपडण्यास एक माणूस नेमीत. आजचे यंत्र मात्र मनुष्याच्या सुखासाठी जन्मास आलेच नाही. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे व रंग जुळेनात, म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा आवरणारी योजना आखली. धान्याच्या व्यापाऱ्यास ही गोष्ट चटकन पटावी. ओलाव्याने माल कसा बिघडतो हे आपणांस कोणी शिकवावयास नको. आपल्याकडे मुंबईचे रीगल चित्रपटगृह १९३३ साली उघडले तेव्हा थंड हवा हेही त्याचे एक मोठे आकर्षण होते. तेथून ती घराघरांत येण्यास आणखी दोन पिढ्या जाव्या लागल्या.

प्रथम मापाविषयी. यंत्र 'पाच टनांचे' म्हणतात, तेव्हा त्या टनाचा वजनाशी काही संबंध नसतो असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः संबंध आहे. २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोचा बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी उष्णता घराबाहेर काढण्याची शक्ती म्हणजे एक टन. हे माप ध्यानात घेतले म्हणजे पुढील हिशेब सोपा होतो. एका टनामागे मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा खेळावी लागते. पाच टनांस २,००० घनफूट झाली. ही हवा मुख्य डक्टमधून मिनिटास ८०० फूट वेगाने न्यावयाची तर अडीच चौरस फुटांचे तोंड लागते, म्हणजे २४ इंच रुंद व १५ इंच उंच. ठेकेदाराने जागा वाचविण्यासाठी उंची नऊ इंचांवर आणिली, तर तीच हवा अधिक वेगाने घुसवावी लागून शीळ वाजू लागते, पंखा थकतो आणि शेवटच्या खोलीपर्यंत हवा पोचतच नाही. कोठाराच्या अरुंद तोंडातून धान्य जितके उतरेल तितकेच उतरते. वर कितीही पोती रिकामी केली तरी अधिक येत नाही. हवेचेही तसेच आहे.

दुसरा प्रश्न निवडीचा. ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा डक्ट कूलर उत्तम चालतो व वीज फार थोडी खातो. बाहेर ४४ अंश असता चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. मात्र आषाढ लागला, हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो. तेव्हा यंत्रच हवे. शिवाय कूलरच्या टाकीत पाणी दिवसेंदिवस साचून राहते व त्यात डास आणि इतर जीव उत्पन्न होतात. ज्या घरांत पाणी गाळून पिण्याचा नेम आहे तेथे ही टाकी आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून, पुसून कोरडी करणे हे आरोग्यास व आपल्या आचारास दोहोंसही धरून आहे. कित्येकजण कूलर व यंत्र एकाच डक्टला जोडतात. ते करूच नये असे नाही; पण कूलरला खिडक्या उघड्या लागतात आणि यंत्रास बंद. दोहोंच्या मध्ये घट्ट बसणारी झडप नसेल तर ओल व धूळ यंत्राच्या कॉइलवर जाऊन बसते.

आता बसविण्याकडे वळू. खोल्यांचे क्षेत्रफळ पाहून टन ठरविणारा मिस्त्री अर्धेच काम करितो. गच्चीखालची खोली, पश्चिमेची भिंत, मोठ्या काचा, स्वयंपाकघराचे सान्निध्य आणि माणसांची संख्या हे सर्व हिशेबात घ्यावयास हवे. गच्चीवर आधी पांढरा लेप अथवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करून घेतली तर यंत्र लहान लागते. हा खर्च एकदाच होतो, विजेचे बिल दर महिन्यास येते. यंत्रावर छापलेली शक्ती सामान्यतः बाहेर ३५ अंश असता मोजलेली असते. आपल्याकडे ४५ अंशांत ती घटते आणि वीज अधिक लागते. म्हणून विक्रेत्यास ४५-४६ अंशांवरील आकडा लेखी विचारावा. परंतु भीतीपोटी दुप्पट मोठे यंत्रही घेऊ नये. ते खोली झटपट गार करून थांबते, ओलावा काढण्यास त्यास वेळच मिळत नाही, आणि श्रावणात खोली थंड परंतु दमट राहते.

डक्टच्या पत्र्यास बाहेरून उष्णतारोधक आवरण घट्ट व सलग हवे. गच्चीच्या स्लॅबखालची पोकळी मे महिन्यात भट्टीसारखी तापते. तेथून उघडी वाहिनी नेणे म्हणजे उन्हातून बर्फ नेण्यासारखे आहे. पावसाळ्यात त्याच उघड्या जागी पाणी सुटून छतावर डाग पडतात. पाणी निघून जाण्याच्या नळीस शंभर इंचांस एक इंच तरी उतार असावा, आणि यंत्राजवळ वळण देऊन तिच्यात पाण्याची अडसर ठेवावी. नाहीतर पंखा नळीतून उलट हवा ओढतो व पाणी घरातच तुंबते. बाहेरील यंत्र भिंतीस चिकटवून वा पत्र्याच्या पेटीत कोंडून ठेवू नये. सावली जरूर करावी, पण गरम हवा वर मोकळी सुटली पाहिजे. तांब्याच्या नळ्या जोडल्यावर नायट्रोजनचा दाब भरून गळती तपासणे आणि नंतर पंपाने नळ्या निर्वात करणे ही दोन कामे डोळ्यांदेखत करवून घ्यावी. उशीर झाला की मिस्त्री हीच दोन टाळतो. विजेचा मंजूर भार, तीन फेजची जोडणी आणि अर्थिंग यांची व्यवस्था यंत्र येण्यापूर्वीच व्हावी.

येथे धान्यव्यापाऱ्यांस एक विशेष सूचना करणे आम्ही कर्तव्य समजतो. आपल्यापैकी अनेकांची राहती घरे गोदामावर अथवा त्याच्या लगत आहेत. आपण स्वतः माल धुरीस लावीत नसलो तरी शेजारी लावीत असतील. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून निघणारा फॉस्फीन वायू प्राणघातक आहे आणि त्यावर उतारा नाही. घरातील हवा परत ओढणारी वाहिनी जिन्यातून अथवा गोदामाच्या बाजूच्या पोकळीतून नेली असेल, तर पंखा तो वायू थेट निजण्याच्या खोल्यांत आणून सोडील. म्हणून परतीची वाहिनी संपूर्ण बंद पत्र्याची असावी, बाहेरची हवा घेण्याचे तोंड गोदामाच्या विरुद्ध दिशेस असावे, आणि वस्तीस लागून धुरी देणे मुळातच टाळावे. धान्याच्या कोंड्याची धूळही याच मार्गाने येते, ती निराळी.

दोष कसा शोधावा याचे एक उदाहरण देतो. तीन वर्षांपूर्वी लष्करातील आमच्या राहत्या घरी साडेपाच टनांचे यंत्र बसविले. दिवाणखाना २५ अंशांवर राही. परंतु सर्वांत शेवटची खोली आमच्या मातोश्रींची, तेथे ३२ अंशांखाली पारा उतरेना. मातोश्रींचे वय तेव्हा ८६ होते. उन्हाळ्यात त्यांस घेरी येऊ लागली आणि वैद्यकीय सल्ला स्पष्ट मिळाला, की या वयात शरीर ऊन सोसत नाही व तहानही नीट लागत नाही. खोली थंड झालीच पाहिजे. ठेकेदाराने 'गॅस कमी झाला' म्हणून दोन वेळा गॅस भरला आणि दोन वेळा पैसे घेतले. खोली होती तशीच राहिली.

अखेर एका वयस्क कारागिरास बोलाविले. त्याने अवजारांची पेटी उघडलीच नाही. एक साधा तापमापक व एक उदबत्ती मागितली. यंत्राकडे परतणारी हवा २५ अंश होती आणि यंत्रातून निघणारी १४. "अकरा अंशांचा फरक पडतो आहे, मग गॅस कमी कसा?" असे तो म्हणाला. मग मातोश्रींच्या खोलीतील जाळीशी तापमापक धरिला. तेथे १९ अंश. म्हणजे वाटेतच पाच अंशांची चोरी होत होती. छताची एक फळी काढताच दिसले की डक्टचे दोन सांधे उघडे असून आवरण मध्येच तुटले आहे. आम्ही पैसे देऊन माळा थंड करीत होतो. त्यानंतर उदबत्ती जाळीपुढे धरून दार लावून घेतले. दार उघडे असता धूर जोराने ढकलला जाई, दार लावताच तो जवळजवळ उभा राही. कारण उघड होते. खोलीत हवा येण्यास वाट होती, बाहेर पडण्यास नव्हती. भरलेल्या पोत्यात आणखी धान्य जाईल कसे? दाराच्या वर जाळी बसविली, सांधे लेप व पट्टीने बंद केले, आवरण पुरे केले, आणि दिवाणखान्याची झडप थोडी आवळली. दुसऱ्या दिवशी जाळीशी १५ अंश व खोलीत २६ अंश झाले. खर्च गॅसच्या एका भरणीहूनही कमी आला. मातोश्री त्या दुपारी पुष्कळ दिवसांनी स्वस्थ निजल्या.

यावरून जो क्रम आम्ही शिकलो तो असा. सर्व घरच गार होत नसेल तर प्रथम फिल्टर पाहावा; आपल्या धुळीच्या गावी उन्हाळ्यात तो पंधरा दिवसांनी धुवावाच लागतो. कॉइलवर बर्फ धरला असेल तर यंत्र बंद करून बर्फ वितळू द्यावा. हवा अपुरी असणे अथवा गॅस गळणे, यांपैकी एक कारण निश्चित असते. जाणाऱ्या व येणाऱ्या हवेत ८ ते ११ अंशांचा फरक असेल तर बहुधा यंत्र निर्दोष असून दोष डक्टमध्ये असतो. फरक कमी असेल तर बाहेरील कॉइल धुळीने भरली आहे काय, पंखा फिरतो काय, व्होल्टेज उतरले आहे काय, हे पाहून मगच गॅसकडे वळावे. गॅस हा दिव्यातील तेलासारखा जळून संपत नाही. तो कमी झाला तर कोठेतरी छिद्र आहे. पोत्याचे वजन घटले असता आपण आधी भोक शोधतो, मग भरती करितो. गळती न शोधता गॅस भरणाऱ्यास पैसे देऊ नयेत. तसेच यंत्रावर ज्या जातीचा गॅस लिहिला असेल तोच भरावा. आर-३२ हा काही अंशी ज्वालाग्राही असल्याने तेथे अर्धवट माहितीचा माणूस नको. एकच खोली गरम राहत असेल तर जाळी, झडप, सांधे व परतीची वाट याच क्रमाने तपास करावा.

तापमान किती ठेवावे याविषयीही दोन शब्द. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात तारांकित वातानुकूलक कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. मोठ्या यंत्रासही तोच दंडक पाळावा. छताचा पंखा सोबत असता २६ अंश पुरेसे होतात. १८ अंशांवर लावल्याने खोली अधिक वेगाने गार होत नाही, केवळ बिल वाढते.

गुढीपाडव्यापूर्वी फिल्टर, बाहेरील कॉइल व विजेची जोडणी तपासून घ्यावी, आणि चातुर्मास लागण्यापूर्वी पाण्याची नळी साफ करावी, म्हणजे वर्ष सुखाचे जाते. एक गोष्ट मात्र हिशेबात नोंदवून ठेवण्यासारखी आहे. जी उष्णता आपण घरातून काढतो ती नाहीशी होत नाही. ती गल्लीत जाते, आणि गल्लीत आपलेच हमाल पोती वाहत असतात. बाहेरील यंत्राचे तोंड त्यांच्या वाटेवर येऊ देऊ नये. दुकानापुढे सावली व गार पाण्याचा माठ असावा, आणि भर दुपारी माल उतरविण्याचा आग्रह धरू नये. जमेची बाजू पाहताना खर्चाची बाजूही पाहणे हा आपल्या धंद्याचा पहिलाच धडा आहे.