कुड्याची लेणी कोणी कोरली?

माणगावच्या वायव्येला वीसेक किलोमीटरवर, राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाजवळ कुडे गाव आहे. गावाशेजारच्या डोंगरात २६ लेणी आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या लेण्यांची नोंद माणगाव तालुक्यात सापडते. आज ती तळा तालुक्यात मोडतात. काही लेणी चैत्यगृहे आहेत, म्हणजे आत स्तूप असलेली पूजेची दालने. उरलेले विहार आहेत, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या जागा. त्यांत दगडातच कोरलेले झोपायचे ओटे आहेत. बहुतेक खोदकाम इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातले आहे.

या लेण्यांबद्दल आणि महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांबद्दल सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी: वनवासात असताना पांडवांनी ती एका रात्रीत कोरली, पहाटे कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिले. गांधारपाल्याला तर आजही सर्रास ‘पांडवलेणी’ म्हणतात. नाशिकच्या लेण्यांचे रूढ नावही तेच. लोककथा म्हणून तिच्यावर आक्षेप घेण्याचे काहीच कारण नाही. ज्यांना भिंतीवरची अक्षरे वाचता येत नव्हती, त्यांनी एवढे अचाट काम तेवढ्याच अचाट माणसांच्या नावावर टाकले, हे समजण्यासारखे आहे. ब्राह्मी लिपी वाचणारे कित्येक शतके कोणी उरलेच नव्हते. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ती उलगडली. तोपर्यंत पांडवांची कथा हेच एकमेव उत्तर होते.

पण ती लिपी वाचता येऊ लागली त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी कुड्याचे लेख वाचून १८८१ मध्ये छापले. पुढे १९१२ मध्ये हाइनरिश ल्यूडर्सच्या ब्राह्मी लेखांच्या सूचीत त्यांना क्रमांकही मिळाले. तरीही सहलीला आलेल्या मुलांना, पर्यटकांना आणि कधी कधी छापील माहितीपत्रकातही पांडवांचीच गोष्ट वस्तुस्थिती म्हणून सांगितली जाते. हे चीड आणणारे आहे, कारण ही लेणी निनावी नाहीत. ज्यांनी ती करवून घेतली, त्यांची नावे त्याच भिंतींवर कोरलेली आहेत.

कुड्याला वीसहून अधिक लेख आहेत. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. लेख छोटे असतात: दान देणारा कोण, कोणाचा मुलगा किंवा मुलगी, धंदा काय आणि दान कशाचे. एवढ्या दोन-तीन ओळींतूनही अख्खा गाव डोळ्यांपुढे उभा राहतो. सोमदेव नावाच्या वैद्याने मुलामुलींसह एक चैत्यगृह दिले. शिवपिरित माळ्याने एक लेणे दिले. कऱ्हाडचा महिक लोखंडाचा व्यापारी होता. त्याचे दान इथे आहे, म्हणजे घाट उतरून माल खाडीपर्यंत येत होता हेही कळते. श्रेष्ठी, म्हणजे सावकार, आहेत. सार्थवाह, म्हणजे बैलांचे तांडे घेऊन जाणारे व्यापारी, आहेत. पदुमनिका नावाच्या भिक्खुणीने एक लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दिले. भायिला ही अयितिलू नावाच्या ब्राह्मणाची बायको. तिने बौद्ध चैत्यगृहासाठी दान दिले. धर्म म्हणजे एकमेकांपासून तोडलेल्या बंद पेट्या, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हा एक लेख तरी शांतपणे वाचावा.

सहाव्या लेण्याचा लेख जवळून पाहण्यासारखा आहे. महाभोज मांदव खंदपालित या स्थानिक सत्ताधीशाच्या पदरी शिवभूती नावाचा लेखक, म्हणजे कारकून, होता. त्याचा धाकटा भाऊ शिवम. या शिवमाने पत्नी विजया आणि चार मुलगे यांच्यासह इथले शिल्पकाम करवून घेतले. खांबांचे दान मात्र त्याच्या मुलींच्या नावावर वेगळे लिहिलेले आहे. शिवमाच्या वडिलांचे नाव सुलसदत्त, आणि त्याच्या एका मुलाचे नावही सुलसदत्तच. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत या मातीत किती जुनी आहे, याचा पुरावाच खांबापाशी कोरलेला आहे. ‘पांडवांनी कोरली’ असे म्हटले की हा सुलसदत्त पुसला जातो. त्याच्या बहिणी, वैद्य सोमदेव, भायिला, सगळेच पुसले जातात.

राहता राहिली ती एक रात्र. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट कठीण असतो. लेणे छताकडून खाली कोरत आणतात. आधी वरचा भाग मोकळा करायचा, मग उभे राहायला जागा करत खालपर्यंत यायचे. त्यामुळे बाहेर परांची बांधावी लागत नाही. अर्धवट सोडलेल्या लेण्यांत हे टप्पे स्पष्ट दिसतात: छत पूर्ण, खांब ठोकळ्याच्या अवस्थेत आणि जमीन अजून खडकच. गुळगुळीत न केलेल्या भिंतींवर छिन्नीचे तिरके, समांतर ओरखडे राहिलेले असतात. अर्धवट राहण्याचे कारण कोंबडा नव्हे. दान संपते, दाता जातो, खडकात चीर निघते. शिवाय सहाव्या लेण्यातल्या बुद्धमूर्ती मूळ खोदकामानंतर काही शतकांनी, पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास, कोरल्या गेल्या. एकाच लेण्यावर कित्येक पिढ्यांचा हात फिरलेला आहे.

दुसरा गैरसमज स्तूपाचा. चैत्यगृहातल्या स्तूपाला अनेक जण शिवलिंग समजतात. काही ठिकाणी पुढे तशी पूजाही सुरू झाली, आणि तो त्या जागेच्या इतिहासाचाच भाग आहे. पण स्तूपाचे मूळ अंत्यविधीत आहे. बुद्धाच्या दहनानंतर अस्थी वाटून त्यांवर मातीचे उंचवटे रचले गेले, असे बौद्ध परंपरा सांगते. त्या उंचवट्याचाच हा दगडी आकार: खाली मेधी, वर अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि छत्र. भोवती प्रदक्षिणेला वाट ठेवतात. आधी मातीचा ढीग, मग त्याचे प्रतीक आणि त्या प्रतीकाभोवती उभी राहिलेली इमारत, असा हा क्रम आहे.

भिक्खू छळाला घाबरून डोंगरात लपले, असेही ऐकायला मिळते. लपायचे असते तर त्यांनी बंदराशेजारची जागा निवडली नसती. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कोकण किनाऱ्यावरच्या मंदगोरा बंदराचा उल्लेख आहे. ते कुड्याजवळचे मांदाड असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरू नये, एका जागी वर्षावास करावा, असा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, नियम आहे. कोकणच्या पावसात त्यासाठी दगडी छप्पर हवे आणि भिक्षेसाठी जवळ वस्तीही हवी. कुड्याला दोन्ही होते.

‘या लेण्यातून जंजिऱ्यापर्यंत भुयार जाते’ ही गोष्ट तर प्रत्येक लेण्याला आणि प्रत्येक किल्ल्याला चिकटलेली असते. भुयार म्हणून दाखवतात ती बहुधा पाण्याची टाकी किंवा अपुरी खोली असते.

रायगडावरच्या जगदीश्वर मंदिराची कथाही अशीच हट्टी आहे: शत्रूने पाडू नये म्हणून ते मुद्दाम मशिदीसारखे बांधले. घुमट आणि कोपऱ्यांवरचे मनोरे ही सतराव्या शतकातल्या दख्खनची सर्वसाधारण बांधकामशैली होती. त्या काळचे गवंडी मंदिर, वाडा, मशीद, समाधी सगळ्यांना घुमट घालत. शिवाय हा जगदीश्वराचा प्रासाद असल्याचे मंदिरावरच्या संस्कृत शिलालेखात उघड लिहिलेले आहे. ज्याला फसवायचे, त्याच्यासाठी असे कोणी लिहून ठेवत नाही. मंदिरासमोरची शिवाजी महाराजांची समाधी म्हणजे कबर नव्हे. १६८० मध्ये महाराजांचे दहन झाले, आणि ही वास्तू त्यांचे स्मारक आहे.

याच्या उलट टोकाचा समज असा की हिंदूंत पुरण्याची चालच नाही. लहान बाळांना पुरतात, संन्याशांना समाधी देतात, आणि लिंगायतांत मृताला बसवून पुरण्याची रीत आहे.

मुरूडजवळ खोकरीचे घुमट रस्त्यावरून पाहणारे त्यांना मशिदी समजतात. त्या जंजिऱ्याच्या सिद्दी सरदारांच्या कबरी आहेत. इस्लामी रीतीने कोकणात मृताला उत्तर-दक्षिण ठेवून तोंड पश्चिमेला, म्हणजे मक्केच्या दिशेला, करतात. त्यामुळे घुमट पडला तरी कबरीची दिशा पाहून ती ओळखता येते.

बेने इस्रायल म्हणजे मुसलमानच, असे अजूनही काही जण म्हणतात. रायगड जिल्ह्यात गावोगावी पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे मराठी बोलणारे यहुदी. त्यावरूनच त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गोंधळाचे एक कारण भाषेतही आहे, कारण ते आपल्या सिनेगॉगला मराठीत ‘मशीद’च म्हणत आले. कोकणातले त्यांचे सिनेगॉग फार प्राचीन असणार, हाही समज चुकीचा आहे. या समाजाचा पहिला सिनेगॉग १७९६ मध्ये मुंबईत उभा राहिला, अलिबागचा १८४८ मध्ये. त्याआधीच्या कित्येक पिढ्या प्रार्थना घरीच होत होती. इमारतीपेक्षा जुनी आहे ती त्यांची दफनभूमी. अलिबागजवळ नवगावला, जहाज फुटून त्यांचे पूर्वज जिथे किनाऱ्याला लागले असे ते मानतात तिथे, बुडालेल्यांना पुरल्याची जागा आजही दाखवतात.