अस्थीचे महाकोशिका अर्बुद
अस्थीचे महाकोशिका अर्बुद : प्रौढांच्या लांब हाडांच्या टोकाशी होणारी साधी (मारक नसलेली), परंतु स्थानिक दृष्ट्या विध्वंसक गाठ. अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या कोशिकांवरून हे नाव पडले असले, तरी अर्बुदाचे मूळ त्यांच्यामधील एककेंद्रकी कोशिकांत असते. ते बहुधा 20 ते 40 वर्षे वयात, विशेषतः गुडघ्यालगत आढळते. दुखणे मुरगळल्याचे समजून दुर्लक्षिले जाते व कधीकधी हाड मोडल्यावरच निदान होते.

क्ष-किरण चित्रात हाडाच्या एका बाजूस, सांध्याच्या पृष्ठाखालपर्यंत पोहोचलेला पोकळ भाग दिसतो. निश्चितीसाठी जीवोतक परीक्षा करतात. तथापि परावटू ग्रंथींच्या अतिक्रियेमुळे होणारी गाठ सूक्ष्मदर्शकाखालीही अशीच दिसते. म्हणून रक्तातील कॅल्शियम व परावटू हॉर्मोन मोजणे आवश्यक ठरते, अन्यथा नको ती शस्त्रक्रिया घडते.

केवळ खरवडलेले अर्बुद पुष्कळदा उलटते. यामुळे पोकळीच्या भिंती वेगवान यंत्राने घासून तीत अस्थिसिमेंट भरतात. घट्ट होताना त्याच्या उष्णतेने उरलेल्या काही कोशिका मरतात, पायावर लवकर भार देता येतो आणि पुनरुद्‌भव झाल्यास तो क्ष-किरण चित्रात चटकन ओळखू येतो. सांधा वाचण्याजोगा नसेल, तर हाडाचे टोक काढून कृत्रिम सांधा बसवितात. शस्त्रक्रिया अशक्य असल्यास डेनोसुमॅब (अमेरिकेत या विकारासाठी मान्यता 2013) देतात. मात्र ते थांबविल्यावर अर्बुद पुन्हा वाढू शकते. थोड्या रुग्णांत फुप्फुसांतही गाठी होतात, म्हणून छातीची तपासणी काही वर्षे चालू ठेवतात.