ज्यांना फोडणी येते त्यांच्यासाठी

रात्री साडेनऊला फोन आला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या मराठी संस्थेची सभासद-नोंदणी मी हौसेनं जांगो हे फ्रेमवर्क वापरून करून दिली होती. कार्यवाह वयानं वडीलधारे, आवाज वैतागलेला. “अरे, कऱ्हाडे यादीत समोर दिसताहेत, पण शोधायला गेलं की सापडत नाहीत. तुझं यंत्र आपल्याच माणसांना ओळखत नाही का?”

मी पंधरा वर्षं हेच काम करतो. फॉर्म कसा बनवायचा, डेटाबेसमधून माहिती कशी काढायची, हे मला कोणी शिकवायला नको. तरी त्या रात्री कपाटातली सगळी पुस्तकं निरुपयोगी ठरली. ती सगळी ‘स्थापना कशी करावी’पासून सुरू होत होती आणि माझी अडचण शेवटच्या पानाच्या पुढची होती.

अशा अडचणींसाठी पुस्तकांची एक वेगळी जात आहे. इंग्रजीत त्यांना कुकबुक म्हणतात, पण या नावानं मराठी वाचक फसतो. आपल्याकडे पाककृतींचं पुस्तक म्हटलं की १९७० सालची कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आठवते. वाटी-चमच्याच्या मापात सांगून तिनं नवख्या हातांना स्वयंपाक शिकवला. प्रोग्रामरांचं कुकबुक याच्या उलट असतं. फोडणी येते हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. ते सुरू होतं ते आमटी नासली तिथून.

हा प्रकार जुना आहे. वेब जन्मायच्या आधी, १९८८ मध्ये, ग्लेन क्रॅसनर आणि स्टीफन पोप यांनी स्मॉलटॉक-८० साठी ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ ही रचना कशी वापरावी यावर लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच कुकबुक हा शब्द घातला. आजची बहुतेक वेब फ्रेमवर्क्स त्याच रचनेच्या कुळातली आहेत. १९९८ मध्ये ‘पर्ल कुकबुक’ आलं. अडचण, उपाय, चर्चा हा त्याचा साचा पुढे अनेकांनी उचलला. २००४ मध्ये रेल्स आणि २००५ मध्ये जांगो सर्वांसाठी खुलं झाल्यावर अशा पुस्तकांचा पूर आला. पॅक्ट नावाच्या प्रकाशनानं तर जवळपास प्रत्येक फ्रेमवर्कचं कुकबुक काढलं. त्यांच्या मुखपृष्ठाआतल्या पानावर दोन शहरांची नावं छापलेली असायची, बर्मिंगहॅम आणि मुंबई. मुंबईचं नाव पाहून मला उगीचच बरं वाटायचं.

ग्वाल्हेर आणि संगणक म्हटलं की किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातला शून्याचा शिलालेख सांगायचा मोह होतो. तो आवरतो, कारण या विषयाला ग्वाल्हेरचं गाणं जास्त जवळचं आहे. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयानं आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली इथं माधव संगीत विद्यालय सुरू झालं. तिथले राजाभैया पूछवाले यांनी ‘तानमालिका’ लिहिली, रागांतल्या ताना स्वरलिपीत उतरवून. ज्याच्या गळ्यात राग नाही त्याला त्या पुस्तकात नुसती अक्षरं दिसतात. ज्याच्या गळ्यात आहे, पण समेवर यायला वाट सापडत नाही, त्याच्यासाठी ते सोनं आहे. गाण्याशी नातं कुकबुकांचंही आहे. रेल्सवरचं त्या जातीतलं गाजलेलं पुस्तक, २००६ चं ‘रेल्स रेसिपीज’, लिहिणारे चॅड फाउलर प्रोग्रामर होण्याआधी सॅक्सोफोन वाजवत असत, आणि जांगोला नाव मिळालं ते जांगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. १९२८ मध्ये आगीत भाजून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची अधू झाली. त्यानं उरलेल्या बोटांची नवी पद्धत बसवली आणि तो पुन्हा उभा राहिला.

अशा पुस्तकात काय असतं, याचा एक नेहमीचा नमुना सांगतो. यादीचं पान पन्नास नावं दाखवतं आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाचं गाव. पान हळू उघडतं. कोड तर नीटनेटका दिसतो. आत पाहिलं तर फ्रेमवर्क आधी एका क्वेरीत पन्नास नावं आणतं आणि मग प्रत्येक गावासाठी वेगळी क्वेरी धाडतं, म्हणजे एकूण ५१ खेपा. दाल बाजारातून पन्नास जिन्नस आणायचे आणि प्रत्येकासाठी घरून नव्यानं निघायचं, असला हा कारभार. उपाय एका ओळीचा आहे. रेल्समध्ये ‘इन्क्लूड्स’, जांगोमध्ये ‘सिलेक्ट रिलेटेड’ किंवा ‘प्रीफेच रिलेटेड’, लारावेलमध्ये ‘विथ’ लिहायचं. पण पुस्तकाची किंमत कळते ती पुढच्या चर्चेत. पहिला जांगो-उपाय जोड घालून एकाच क्वेरीत काम करतो, दुसरा वेगळी क्वेरी करून नंतर जोडी लावतो. एका सभासदाच्या हजार पावत्या असतील आणि दाखवायचा आहे फक्त आकडा, तर दोन्ही चूक. तिथं मोजणी डेटाबेसलाच करू द्यावी. उपाय पाठ करणारा इथं फसतो.

दुसरा नमुना आपल्या मेळ्यातला घेऊ. १९०५ पासूनचा ग्वाल्हेरचा व्यापार मेळा. समजा, त्यातल्या दुकानांचं वाटप वेबवर होतंय आणि शेवटच्या गाळ्यासाठी दोन व्यापारी एकाच क्षणी बटण दाबतात. फ्रेमवर्कची ‘हा क्रमांक आधी कोणी घेतलाय का’ ही तपासणी दोघांनाही ‘नाही’ सांगते, कारण तपासणी आणि नोंद यांच्या मध्ये एक फट असते. दोघंही आत शिरतात. चाचणी करताना हे कधी दिसत नाही, कारण चाचणी करणारा एकटा असतो. इलाज डेटाबेसमध्ये आहे. गाळा-क्रमांकावर एकमेव असण्याची अट तिथंच घालायची आणि दुसऱ्याची नोंद नाकारली गेली की ती चूक पकडून त्याला नम्रपणे ‘गाळा गेला’ असं सांगायचं. फ्रेमवर्कची तपासणी सौजन्यासाठी ठेवावी, पहाऱ्यासाठी नव्हे.

आता कऱ्हाडे.

त्या रात्री मी ते आडनाव दोन ठिकाणांहून उचललं, यादीतून आणि शोधाच्या चौकटीतून, आणि आतल्या चिन्हांची संख्या मोजली. एकीकडे ७, दुसरीकडे ८. डोळ्यांना दोन्ही सारखीच. मराठीतला हा अर्धा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक वाटांनी लिहिता येतो. ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून. किंवा र, खाली नुक्ता आणि मग हलन्त. किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडचिन्ह. हिंदीला ऱ लागत नाही, आणि जुनी यादी टाइप करणारा होता हिंदीच्या सरावाचा. काही नावं त्यानं सरळ रफार देऊन ‘कर्हाडे’ केली होती. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला हे नवीन नाही. आपली अर्धी आडनावं इथं सरकारी कागदांवर असंच रूप बदलून राहतात.

उपाय असा. युनिकोडनं ठरवून दिलेलं प्रमाणीकरण नोंद करताना आणि शोधताना, दोन्ही वेळा लावायचं. त्यानं पहिल्या दोन वाटा एक होतात. तिसरी आणि रफाराची चौथी होत नाहीत, म्हणून शोधासाठी एक वेगळा रकाना ठेवायचा आणि त्यात ही चारही रूपं एकाच रूपात उतरवायची. मूळ आडनावाला हात लावायचा नाही.

चर्चा अशी, की मूळ नावच का बदलू नये? कारण मराठीत हा फरक अर्थाचा आहे. ‘आचार्यांना जेवण द्या’ आणि ‘आचाऱ्यांना जेवण द्या’ यांत पंगत बदलते. शोधताना दोघं एकत्र आले तर चालतं, पत्रिकेवर नाव छापताना चालत नाही.

याच घराण्यातली आणखी एक गोम आहे. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ-८’ एका अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरी तीन बाइटांत मावते (ग्वाल्हेर या शब्दात ९ चिन्हं, २७ बाइट), त्यामुळे वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चालतं. मग कोणी शुभेच्छेत पणतीचं इमोजी टाकतो आणि नोंद फुटते, कारण इमोजीला चार लागतात. चार बाइटांच्या प्रकाराकडे वळलं की जुन्या आवृत्तीत दुसरीच चूक येते. तिथं इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट. २५५ अक्षरं गुणिले ३ म्हणजे ७६५, बसलं. गुणिले ४ केलं की बसत नाही. म्हणून जुन्या लारावेल प्रकल्पांत १९१ हा विचित्र आकडा दिसतो, १९१ चोक ७६४. कारण माहीत नसलेले लोक तो आकडा आजही मंत्रासारखा उतरवून घेतात.

ही पुस्तकं लवकर शिळी होतात, हा आक्षेप खरा आहे. ‘रेल्स रेसिपीज’ची रेल्स ३ साठी नवी आवृत्ती २०१२ मध्ये काढावी लागली, कारण सहा वर्षांत उपाय मोडीत निघाले होते. पण जुनी प्रत उघडून फक्त अडचणींचे मथळे वाचा. त्यातल्या कितीतरी आजही जिवंत आहेत. आता तर एआयला विचारलं की क्षणात उपाय मिळतो. मीही विचारतो. पण ‘शोध चालत नाही’ असं विचारलं तर तो शोधाचा कोड दुरुस्त करून देतो. अडचण र मध्ये आहे हे आधी माणसानं ओळखावं लागतं, आणि ते ओळखायला शिकवतात ती चर्चेची पानं. उपाय फुकट झालेत म्हणून मी ही पुस्तकं टाकून देणार नाही.

खंत दुसरीच आहे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’नं देशभरातल्या मुलांना सी भाषा शिकवली, तीही इंग्रजीतून आणि पहिल्या पायरीपासून. मराठीतली संगणकाची जी पुस्तकं माझ्या पाहण्यात आली, तीही पहिल्या पायरीचीच. मुरलेल्या माणसासाठी मराठीत लिहिलेलं पुस्तक मला मिळालेलं नाही. आणि अर्ध्या र ची भानगड बर्मिंगहॅमचा लेखक कशाला लिहील? त्याच्या शेजारी कऱ्हाडे राहत नाहीत.

म्हणून हे वाचणाऱ्या डेव्हलपरांना एक विनंती. पुढच्या वेळी अशी गाठ सुटली की साध्या वहीत मराठीत चार परिच्छेद लिहा. अडचण काय दिसली, खरी कुठे होती, काय केलं, आणि ते कुठे चालणार नाही. वर तारीख आणि फ्रेमवर्कची आवृत्ती टाकायला विसरू नका.