कलेजीवरचा अंगठा

बुवापाड्यातल्या मटणाच्या दुकानात रविवारी सकाळी सगळ्यांची नजर मांडीवर असते. मी कलेजी बघत उभा राहतो. खाटीक आधी पित्ताची पिशवी न फोडता सोडवतो, मग कलेजी उलटी करून तिच्यावरून अंगठा फिरवतो. निरोगी कलेजी गुळगुळीत लागते. अंगठा अडला की सुरी थांबते.

कधी पित्तनळ्या जाड, टणक झालेल्या असतात. चिरून दाबलं की पानासारखा चपटा किडा बाहेर सरकतो. हा पर्णकृमी, फॅसिओला जायगँटिका. पाणथळीतल्या गोगलगायीत वाढून तो गवतावर येतो आणि चरताना बकऱ्याच्या पोटात जातो. वजडी साफ करताना लाल-पांढरा पीळ असलेले बारीक जंत दिसतात, ते हिमोंकस. ते रक्त पितात. म्हणून बकरा घेतानाच जाणकार त्याची खालची पापणी ओढून बघतो. पांढरी पडलेली असली तर सौदा मोडतो.

पण मला खरी काळजी वाटते ती पाण्याच्या गाठीची. कलेजीत किंवा फुप्फुसात पांढऱ्या जाड सालीची, आत स्वच्छ पाणी असलेली गाठ. ‘‘काका, हा तुकडा नको, पाणी धरलंय,’’ म्हणत खाटीक तो कापून बाजूला टाकतो. गिऱ्हाईक सुखरूप. बाहेर मात्र कुत्री टपलेली असतात. ती गाठ खाल्ली की कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम 3 ते 6 मिलिमीटरचे पट्टकृमी वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, पाण्यात जातात, पोरांच्या हाताला लागतात. माणसाला ही गाठ मटणातून होत नाही, या अंड्यांतून होते. यकृतात वर्षानुवर्षं निमूट वाढते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेपर्यंत नेते.

2001च्या कत्तलखाना नियमांनुसार एका पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. इथे तपासणी म्हणजे खाटकाचा अंगठा. तो तरबेज आहे, पण त्याचं काम ताटापुरतं. आइसलंडमध्ये पाण्याच्या गाठीचा हा रोग घरोघर होता. 1864 साली संशोधक हाराल्ड क्राबे यांची माहितीपुस्तिका तिथे घराघरांत वाटली गेली. पुढे कुत्र्यांना औषध आणि गाठींची विल्हेवाट यांवर कायदे झाले, आणि रोग हटला.

कुत्र्यांसाठी प्राझिक्वांटेल आहे. टाकायचा अवयव अर्धा तास उकळला तरी गाठ मरते. टाकलेले तुकडे कुत्र्यांना मिळू नयेत म्हणून झाकणाची बादली ठेवण्याचं मी खाटकाकडे काढलं. ‘‘ठेवतो की,’’ तो म्हणाला, ‘‘पण उचलायला गाडी रोज आली पाहिजे.’’ त्याचं बरोबर आहे; मे महिन्यात दुपारपर्यंतच वास सुटतो.